पाकिटातला खिमा

३ ऑक्टोबर, सोमवार
गोळी घेतली. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, दाबाची गोळी घेतली की रोज वहीत लिहायचं, म्हणजे विसर पडत नाही. थोबेलाच्या शाळेची अर्धी कोरी वही ट्रंकेत होती, ती काढली. पुढच्या पानांवर त्याचे त्रिकोण आहेत. मी शिकले दुसरीपर्यंत, तेही मिशनमधल्या बाई गाणी म्हणायच्या म्हणून. अक्षर कोंबडी चालल्यासारखं आहे.

एवढ्याशा गोळीसाठी अख्खं पान ठेवायचं म्हणजे उधळपट्टी. म्हणून आणखी लिहिते. नातसून आली. थोबेलाची बायको, पुमेझा. लग्नाची बोलणी मागच्या वर्षीच झाली होती, पण पोर कोमानीला नोकरी करत होती. आता सोडून आली. थोबेला तिकडे रुस्टेनबर्गला खाणीत, डिसेंबरात येणार. माझा मुलगा आणि त्याची बायको गेल्यापासून या घरात सकाळी माझ्याआधी कुणी उठलं नव्हतं. आज मी उठले तर चूल पेटलेली, पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या. मी पुन्हा अंथरुणात जाऊन पडले. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. पडून पडून हसत होते.

९ ऑक्टोबर, रविवार
गोळी घेतली. कोंबडी कापली. नव्या सुनेला रविवारची कोंबडी हवीच. मांडीचा तुकडा मी तिच्या ताटात घातला, खाली मान घालून खाल्लीन. ती आमच्यासमोर मान वर करत नाही, डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलेलं, गोठ्यात घरचे गेलेले मोठे असतात म्हणून त्याच्या समोरून कधी जात नाही, पाणी आणायला घराच्या मागून लांबचा फेरा मारते. आजकालच्या मुली हे पाळत नाहीत. हिला आईनं चांगलं वळण लावलंय.

आमच्या कुत्र्याचं नाव डेंजर. तो मला चावलाय, पोस्टमनला चावलाय, पाद्रीबुवांना दोनदा. पण पुमेझाच्या पायाशी शेपूट हलवत बसतो, जेवताना तर हलतच नाही तिथून. जनावरांना माणसाचं मन कळतं म्हणतात.

गुडघे फार दुखतात.

१५ ऑक्टोबर, शनिवार
खालच्या वस्तीत मयत होती. पहाटेपासून मोठ्या पातेल्यावर उभी. या वर्षातली सातवी. आता मला कुणी विचारतही नाही, येशील का म्हणून, पळ्या माझ्याच घरी ठेवून जातात. पुमेझा माझ्याबरोबर आली, पण मांस चिरायला बसवली तर म्हणाली, आजी, मी कोबी चिरते. कोबीचा डोंगर चिरला पोरीनं. सुरी काय चालते तिची, बायका बघत राहिल्या.

गोळी विसरले. रविवारी दोन घ्यायच्या का?

२३ ऑक्टोबर, रविवार
गोळी. डेंजर जाड झालाय. पोट जमिनीला लागतं. मला वाटलं जंत झाले, म्हणून कडू पाला उकळून पाजला. मला चावला.

२४ ऑक्टोबर
आज लिहायला हात होत नाही पण लिहिते. पुमेझाला काल ताप होता, ती आत झोपलेली. डेंजर तिच्या दाराशी बसून राहिला, मी टाकलेल्या हाडांकडे बघितलं पण नाही. आज ती उठून जेवायला बसली. मी मुद्दाम चुलीमागे बसून बघितलं. तिनं मांसाचा तुकडा तोंडाजवळ नेला, फडक्याचं टोक पुढे घेतलं, आणि तुकडा खाली. डेंजरनं तो हवेतच घेतला, सराव झालाय त्याला.

तीन आठवडे मी माझ्या कोंबड्या कुत्र्यासाठी कापल्या.

पहिला विचार आला तो असा की हिला माझ्या हातचं नको. दुसरा त्याहून वाईट. पोर चेटकीच्या वाटेची तर नाही? लाज वाटते लिहायला, पण आला खरा.

२ नोव्हेंबर
गोळी. विचारलं एकदाचं. भांडी घासताना विचारलं, म्हणजे एकमेकींकडे बघायला नको. आधी म्हणाली, पोट बरं नसतं. मग भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं. कोमानीला तिची नोकरी म्हणजे कत्तलखान्यात. तीन वर्षं. आकड्यांना टांगलेली जनावरं समोरून सरकत जायची, हिनं चरबी काढायची, पुढची आली की पुढची. थंडी एवढी की बोट कापलं तरी कळायचं नाही. डाव्या हाताची दोन बोटं तिला पूर्ण मिटत नाहीत, मला वाटायचं नवी सून म्हणून लाजून हात लपवते.

ती म्हणाली, "आजी, आपल्याकडे बकरा कापतात तर आधी त्याच्याशी बोलतात. कुणासाठी, कशासाठी, सगळं सांगतात. तिथं कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. मी करून बघितलं. उलटी होते."

म्हटलं, मग तू इतके दिवस जगलीस कशावर? तिनं आपली पेटी उघडली. खाली कपड्यांच्या घडीत सोयाच्या खिम्याची पाकिटं, एकावर एक, विटा रचल्यासारखी.

मी हसले. रडायला हवं होतं, पण हसू आलं. हा खिमा मी सात वर्षं शाळेत शिजवलाय, सरकारी जेवणात, तीनशे पोरांसाठी. पोरं त्याला मास्तरांच्या वहाणा म्हणायची.

३ नोव्हेंबर
पुमेझानं आज तो खिमा केला. मला वाटलं होतं हा एकच पदार्थ मला शिकवायला कुणी नको. मी शाळेत काय करायची, पाणी खळखळलं की पाकिटं फाडून ओतायची. त्याच्या गाठी व्हायच्या मुठीएवढ्या, वाढताना ज्याला गाठ मिळे तो रडे. ही म्हणाली, आजी, मसाल्याचं पाकीट असेल तर आधी गार पाण्यात कालवायचं, मग चुलीवर. आणि साधं असेल तर कोमट पाण्यात भिजवायचं, घट्ट पिळायचं, आणि तेलात कोरडं परतायचं, रंग चढेपर्यंत. कांदा, टोमॅटो, गाजर, करीमसाला मागून. शेवटी चमचाभर व्हिनेगर.

मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर खाल्लं. दोनदा घेतलं. सात वर्षं मी तीनशे पोरांना गाठी चारल्या, देवा मला क्षमा कर.

पुमेझा माझ्यासमोर पहिल्यांदा पोटभर जेवली. घास मोठे घेते पोर. बघून बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
गोळी. झोलिले भाऊजी आले होते. म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ, आता घरात तेच मोठे. बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "वहिनी, उत्सिकीचा दिवस ठरवला. सतरा डिसेंबर. थोबेला असेल. बकरा मी बघून ठेवलाय."

मी बशी खाली ठेवली. त्या खिम्याच्या आनंदात उत्सिकी मी विसरलेच होते. सून घरात येते ती दारातून येत नाही, त्या घासातून येते. बकऱ्याच्या पुढच्या उजव्या पायाचं मांस, निखाऱ्यावर भाजलेलं, बिनमिठाचं, सगळ्या बायका जमलेल्या असताना खायचं, वर घरचं आंबट दूध प्यायचं. मग तिला घराचं नाव मिळतं. तोवर ती पाहुणी, घरच्या गाईचं दूध तिनं ओठाला लावायचं नाही, पोर झालं तरी लोक बोट दाखवणार.

आणि खाल्लं नाही तर? पलीकडच्या वस्तीतल्या एका सुनेचा तो घास ओकारीत बाहेर आला होता. चाळीस वर्षं झाली. तिचं पहिलं मूल गेलं तर लोक म्हणाले घास. दुसरं गेलं तर घास. नवरा जोहान्सबर्गहून परत आला नाही तरी घास. ती बाई म्हातारी होऊन मेली, मयतीला मीच पातेल्यावर होते, तिथंही बायका तेच बोलत होत्या.

भाऊजींना सांगावं का? ते वाईट नाहीत, पण म्हणतील, घरचे गेलेले मोठे हिला नको म्हणताहेत. मग दुसरी सून आणा म्हणतील.

२० नोव्हेंबर, रविवार
थोबेलाला फोन केला. टेकडीवर चढून जावं लागतं, मध्ये तीनदा बसले. सगळं सांगितलं. तो म्हणतो, "आजी, ते तुम्ही बायका बघून घ्या ना, मी बोगद्यातून आत्ताच वर आलोय." मग फोन कट झाला की त्यानं केला कोण जाणे.

टेकडीवर बसून एक विचार आला, लिहून टाकते म्हणजे बाहेर पडेल. मला ही पोर हवी आहे की हिचे पाय हवे आहेत? गेल्या दोन महिन्यांत मी पाणी आणलं नाही, लाकडं आणली नाहीत. ती गेली तर उद्यापासून पुन्हा मीच. माझी माया कुठं संपते आणि गुडघे कुठं सुरू होतात, माझं मलाच कळत नाही.

गोळी घेतली होती.

२७ नोव्हेंबर, रविवार
युक्ती सुचली. चर्चमध्ये सुचली, तेही प्रवचन चालू असताना, म्हणून जरा धाकधूक आहे. घास भाजलेला असतो, काळसर असतो, बोटाएवढा. निखाऱ्यापासून चटईपर्यंत ताट मीच नेणार, वीस पावलं. वीस पावलांत तुकडा बदलता येतो. खिम्याचाच तुकडा करायचा, मांसासारखा.

पुमेझाला सांगितलं, तिनं आधी हात पुसले. मग म्हणाली, आजी, तुम्ही इतकं नका करू. मी म्हटलं, तू पीठ मळ.

४ डिसेंबर
गोळी. आठ दिवस करतेय. पहिल्या दिवशी नुसता पिळलेला खिमा थापला, जाळीवर ठेवताच निखाऱ्यात पडला, भुगा. दुसऱ्यांदा मैदा घातला तर चिकट गोळा, दाताला बसला, माझा वरचा दात हलतोय आता. मग उकडलेला बटाटा, अंडं आणि शिळ्या पावाचा चुरा. तो टिकला. पण रंग फिका. तव्यात साखर करपवून त्याचं पाणी लावलं, मग ओल्या लाकडाच्या धुरात धरला. डोळ्यांना धार लागली, खोकून खोकून जीव गेला. पण काय दिसत होता. खरंच सांगते, मी सत्तरीला टेकलेली बाई, तो तुकडा हातात घेऊन अंगणात नाचायची बाकी होते.

डेंजरला टाकला. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. पण कुत्र्याला फसवायचं नाहीच आहे.

९ डिसेंबर, शुक्रवार
थकले. नोबांटू वन्सं आल्या. माझ्या मालकांची मोठी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, दात चार, जीभ अख्खी. या घरची लेक म्हणून कार्याला आधी येऊन बसायचा तिचा हक्क आहे. मी नवी होते तेव्हा हिनं माझी भाकरी उचलून उजेडात धरली होती, आरपार दिसतं का बघायला. आल्या आल्या म्हणाली, "नोफेझिले, जाड झालीस. कामं कोण करतं, ती पोर?"

आता ही घरात असताना तुकडा कसा भाजायचा?

११ डिसेंबर, रविवार
धाडस केलं. वन्संच्या ताटात माझा तुकडा वाढला, वर रस्सा. हिला कळलं नाही तर जगात कुणाला कळणार नाही. खाल्लीन. सावकाश. पुमेझानं श्वास धरला होता, मला दिसत होतं. वन्सं बोटं चाटून म्हणाल्या, "बकरा कोवळा होता वाटतं. मांसाला धागाच नाही."

मी म्हटलं, कोवळा होता.

"हो ना," म्हणाली. "जन्माला यायच्या आधीच कापला असेल."

मग दुसरा मागितला. मी आत जाऊन पुमेझाचा हात दाबला. जमलं, म्हटलं.

१३ डिसेंबर
वन्सं पोरीच्या मागे लागल्या आहेत. आज म्हणाल्या, झऱ्यावर मला घेऊन चल, म्हातारीला तिथलं पाणी प्यायचंय. दोघी गेल्या त्या दुपार कलली तरी नाहीत. मी दारात उभी. आल्या तेव्हा पोरीचे डोळे लाल, आणि वन्सं पुढे काठी आपटत. काय बोललात, विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "तू हिचे हात बघितलेस?"

बघितले, म्हटलं.

"बघितलेस तर बरं."

एवढंच. छळलं असणार. मला छळलं तसंच. पुमेझाला विचारलं तर ती नुसती मान हलवते. मला वन्संचा इतका राग आला की गोळी दोनदा घेतली.

१४ डिसेंबर
झोप नाही म्हणून दिवसभर डोकं जड. एक गोष्ट मनात अडकलीय. वन्संना फसवलं, भाऊजींना फसवीन. पण घास खाताना ज्या गेलेल्या मोठ्यांची नावं घ्यायची ते? त्यांत माझे मालक बोनाकेलेसुद्धा आहेत. त्या माणसाशी मी एकोणचाळीस वर्षांत एकदाच खोटं बोलले, ते डोक्याच्या शालीच्या किमतीबद्दल, आणि तेही त्याला कळलं होतं. आता तो गोठ्यात उभा राहून सुनेची वाट बघणार आणि मी त्याला सोया चारणार.

पुमेझा म्हणाली, आजी, मी खरंच खाऊन बघते. दुपारी चुलीवरचं शिळं मांस तिनं तोंडात घातलं. घराच्या मागे पळाली. मी पाठीवर हात फिरवत उभी राहिले. हातानं कळतं, माणूस खोटं ओकत नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार
थोबेला आला. वाळलाय. आल्यापासून झोपलाय. मी तुकडा भाजून फडक्यात बांधून ठेवला. उद्या. गोळी घेतली.

१७ डिसेंबर, शनिवार
लिहायलाच हवं.

बकरा चांगला ओरडला. पहिल्याच वेळी, मोठ्यानं. म्हणजे वरच्यांनी हो म्हटलं. बायकांनी आरोळ्या दिल्या. पुमेझा चटईवर, शाल डोक्यावरून, दाराच्या मागे. माझा तुकडा एप्रनच्या खिशात, गरम नव्हता तरी मांडी भाजत होती.

भाऊजींनी घास भाजून लाकडी ताटात ठेवला. मी हात पुढे केला. तेवढ्यात मागून काठी आपटली. "ताट मी नेते. लेकीचा हक्क आहे." वन्संनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. वीस पावलं त्या चालल्या आणि पोरीच्या शेजारी चटईला चटई लावून बसल्या.

खरं सांगते, राग आला आणि सुटल्यासारखंही झालं. दोन्ही एकदम.

आता नावं घ्यायची. आमच्याकडे घराच्या मोठ्यांची नावं घेतात तेव्हा सगळ्यांनी गोठ्याकडे तोंड करायचं, सुनेकडे कुणी बघायचं नाही, आणि नावं चालू असतानाच तिनं घास खायचा. भाऊजी तसे आळशी, दहा-बारा नावं घेतात आणि बकऱ्याकडे वळतात. मी चटईकडे पाठ केली. खिशात हात, हातात तुकडा. अजूनही मागे सरकून देता आला असता. बोनाकेलेचं नाव आलं आणि माझी बोटं उघडेनात. नाही दिला. पोरीला एकटं सोडलं.

भाऊजी संपवायला आले तशा वन्सं मागून बोलल्या, "झोलिले, पणजोबांच्या धाकट्या भावाला गाळलंस. पहिल्यापासून घे."

पहिल्यापासून घेतली. सगळे उभेच. माझे गुडघे पेटलेले. पुन्हा शेवटाला आले तशी पुन्हा वन्सं, या वेळी आवाज घोगरा, शब्द नीट निघत नव्हता, "आणि पणजोबांची आई? तिला कोण घेणार?" भाऊजी वैतागले, पण लेकीचं ऐकावं लागतं, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं ही म्हातारी मुद्दाम करतेय. पोर तिकडे घास घशात अडकवून बसली असेल आणि ही वेळ वाढवतेय, ओकली की सगळ्यांना दिसावं म्हणून. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मग संपलं. वळलो. ताट रिकामं. पुमेझा मान खाली घालून बसलेली, शाल जागच्या जागी, ओकारी नाही, काही नाही. वन्सं शेजारी तोंड हलवत बसल्या होत्या. मोठ्यांची नावं चालू असताना काय चघळत होती कोण जाणे, एवढ्या वयाची बाई, रीत नाही भात नाही.

मग दूध. पुमेझानं मडकं दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं प्याली, थेंब ठेवला नाही. वन्संनी आवंढा गिळला आणि नाव दिलं. नोमझी. म्हणजे घराची.

मी ओरडले सगळ्यांत मोठ्यानं. खाल्लं माझ्या पोरीनं. माझ्या मदतीशिवाय खाल्लं. मी तिला नाही दिला तो तुकडा, आणि तरी तिनं खाल्लं. मागे लाकडांवर बसून मीच तो खाल्ला, गार, बिनमिठाचा. डोळ्यांत पाणी येत होतं, धुरानं नव्हे.

१८ डिसेंबर, रविवार
अंग मोडून आलंय. काल एवढं मांस शिजलं आणि पुमेझानं, म्हणजे नोमझीनं, संध्याकाळी मला काय विचारलं असेल? आजी, खिमा करू का? मी म्हटलं, अगं, आता जमलं ना तुला, खा मांस. ती नुसती हसली. मग केलाच. सगळे जेवायला बसलो. वन्संना वाढायला गेले तर त्या म्हणाल्या, मला नको, माझं पोट कालपासून भरलंय. काल मी तर त्यांना काही खाताना बघितलं नाही.

थोबेलानं दोन ताटं खाल्ली आणि विचारलं, हे कसलं मांस. कुणी सांगितलं नाही.

१९ डिसेंबर, सोमवार
गोळी घेतली. वन्सं गेल्या. नोमझी त्यांची पिशवी डोक्यावर घेऊन टॅक्सीच्या रस्त्यापर्यंत गेली, आता घराच्या समोरून, गोठ्याच्या पुढून. मीही गेले, हळूहळू. वाटेत दोघी हातात हात घालून. मला कळत नाही, त्या जिभेच्या बाईचा पोरीला एवढा लळा कसा.

टॅक्सी यायला वेळ होता. मला राहवलं नाही. म्हटलं, वन्सं, शनिवारी तुम्ही आम्हाला किती उभं केलंत. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काठीवर हनुवटी टेकवली. म्हणाल्या, "नोफेझिले, मी या घरात जन्मले. लेकीच्या तोंडानं खाल्लं काय आणि सुनेच्या तोंडानं खाल्लं काय, तोंड घराचंच."

मोठेपणाचं बोलायची सवयच आहे. तोंडाचं काय मध्येच? मग वाकून त्यांनी पोरीची ती दोन न मिटणारी बोटं धरली, बराच वेळ, आणि टॅक्सीत चढल्या. चढताना गालाला हात लावून कण्हत होत्या. चारातला एक दात परवापासून हलतोय म्हणाल्या.

टॅक्सी वळणावर गेली आणि मग मला आठवलं. त्या वेळी काय चघळत होतात, हे विचारायचं राहूनच गेलं.